एकपासून मोजणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे. कपडे शिवायच्या दुकानात, कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्या अंगावर छत्तीस रेघा आहेत. ते माझं वय समजू नका, ते इंच आहेत. वय त्याहून पुष्कळ जास्त आहे.

या दुकानात वाढलेली एक मुलगी पुढे मोठ्या विद्यापीठात गणिताची प्राध्यापक झाली. तिच्याआधी तिथे एकाही बाईने गणित शिकवलं नव्हतं. ती शाळेत असताना वापरायची तो वर्तुळं काढायचा पितळी कंपास आता विद्यापीठात काचेच्या कपाटात ठेवला आहे म्हणे. खाली मखमल आहे, शेजारी चिठ्ठी आहे. लोक वाकून वाकून पाहतात. आणि मी? मी खिळ्याला टांगलेली आहे. तुम्ही म्हणाल, हिच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. मला पोट नाही, तरी दुखतंय.

एका सुताराने मला कठीण, सरळ रेषांच्या लाकडातून घडवलं. त्याने रंधा मारला, रेघा कोरल्या, त्यांत काळा रंग भरला आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. विधवा झाल्यावर एका बाईंनी हे दुकान मांडलं, तेव्हा त्यांनी पहिली खरेदी केली ती माझी. दुसरी कात्री. सगळे त्यांना शिंपीणबाई म्हणत. त्यांची धाकटी बहीण काजं आणि तुरपाई करायची. आणि टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसलेली असायची शिंपीणबाईंची मुलगी. ती इतकी लहान आणि इतकी गोल होती की तिचं नाव पडलं बटण.

बटणचं पहिलं खेळणं मीच होते. ती मला घोडा करायची. एक पाय पलीकडे टाकून दुकानभर दौडायची आणि माझं टोक फरशीवर घासत जायचं. एक दिवस त्या टोकाची टोपी निघाली आणि गटारात गेली. मग लाकूड झिजायला लागलं. पहिला इंच हळूहळू इंच राहिला नाही.

“नवी पट्टी घे ताई,” मावशी म्हणाली.

“कशाला? बाकी पस्तीस इंच धडधाकट आहेत की,” शिंपीणबाई म्हणाल्या. “शून्यापासून मोजायचं नाही, एकपासून मोजायचं. पाच इंच हवे असतील तर सहावर थांबायचं. झालं.”

तेव्हापासून दुकानात तोच रिवाज पडला. बटण मोजायला शिकली तीही तशीच. बोट एकवर ठेवायचं आणि जेवढं हवं त्याच्या एक पुढे थांबायचं. ती तिच्या हाताची सवयच झाली. मला त्याचा फार अभिमान होता. जगातल्या सगळ्या मुली शून्यापासून मोजतात, माझी मुलगी एकपासून मोजते, असं मी मनाशी म्हणायची.

हो, माझी मुलगी. मी तिला तसंच मानत होते. कपडे बेतताना बाई अंगाची मापं फितीने घेत, कारण फीत वळते. त्या फितीचाही मला राग यायचा. पण बटण माझ्याजवळ असायची, तोवर मी सगळं सहन केलं.

एकदा शिंपीणबाई पूर्ण घेराचा झगा बेतत होत्या. कापडाला घडी घालून मधोमध कमरेसाठी गोल कापायचा होता.

“कंबर किती?” बटणने विचारलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

“अठ्ठावीस. तिचा सहावा भाग घ्यायचा आणि त्यातून दोन सूत कमी करायचे. तेवढ्यावरून गोल फिरवायचा.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

“दोन सूत का कमी?”

“माझी आई करायची म्हणून.”

“कंबर चोवीस असली तर?”

“तर दीड.”

“मग छत्तीसला?”

“तेव्हा हाताला कळतं. आता काजं कर बघू, कमरेच्या मागे लागू नकोस.”

पण ती लागली. महिनाभर ती मला घेऊन गावभर फिरली. तिने चाकं मोजली, हंड्यांची तोंडं मोजली, घड्याळजीच्या दुकानातली मोठी तबकडी मोजली. घेर फितीने आणि रुंदी माझ्यावर. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा महिना. शेवटी बिस्किटांच्या डब्याचं एक झाकण सापडलं. रुंदी सात इंच, घेर बावीस. तिने ते चारदा मोजलं आणि आईला म्हणाली, “तुझा सहावा भाग विसर. आपल्याला अर्धीच रुंदी हवी ना, मग कमरेचे बावीस नाही, चव्वेचाळीस भाग कर आणि त्यांतले सात घे. सूत काढायलाच नको.”

“चव्वेचाळीस भाग करत बसले तर गिऱ्हाईक म्हातारं होईल,” आई म्हणाली. पण करून पाहिलं. झगा कमरेला असा बसला की मावशीने दोनदा फिरवून पाहिला.

त्याच वेळी दुकानात मुलांच्या शाळेतले गणिताचे मास्तर उभे होते. ते दर वर्षी कोट सैल करून घ्यायला यायचे.

“मास्तर, गणित वाढतंय की पोट?” शिंपीणबाईंनी विचारलं.

मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते बटणकडे पाहत होते. “पोरी, हे तुला कोणी सांगितलं?”

“डब्याच्या झाकणाने,” बटण म्हणाली.

आणि तिथून माझे दिवस फिरले. मास्तर आठवड्यातून तीनदा येऊ लागले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी खिशातून तो पितळी कंपास काढला आणि तिच्या हातावर ठेवला. माझ्या घरात सवत आली!

काय त्याचा तोरा! दोन पाय, एक टोकदार, एकात पेन्सिल. एका पायावर उभा राहून गिरकी घ्यायचा आणि कागदावर वर्तुळ उमटायचं. माझ्याच्याने सरळ रेषेपलीकडे काही झालं नसतं. बटण त्याला रुमालात गुंडाळून उशाशी ठेवायची. मला कोणी कधी रुमालात गुंडाळलं होतं का? त्याचे पाय किती फाकवायचे हे मात्र माझ्याच अंगावर मोजावं लागायचं. टोकदार पाय एकवर टेकायचा आणि दुसरा एक पुढे. तो माझ्या लाकडात टोचायचा. मी मनातल्या मनात म्हणायची, टोच बाबा, टोच. माझ्यावाचून तुझं पाऊल पडत नाही.

बटण बारा वर्षांची झाली तेव्हा मास्तर म्हणाले, “बाई, माझ्याजवळचं संपलं. हिला आमच्या शाळेत घाला. वरचं गणित फक्त तिथेच शिकवतात. आजवर मुलगी घेतलेली नाही, पण मी हेडसरांना प्रवेशपरीक्षेपुरतं राजी केलंय.”

“आणि काजं कोण करणार?” मावशी म्हणाली. “तुमचं वरचं गणित?”

शिंपीणबाईंनी मान खाली घालून बराच वेळ सुईत दोरा ओवला. “परीक्षा एकदाच देता येते?” त्यांनी विचारलं.

“एकदाच. नापास झाली तर हेडसर पुन्हा मुलीचं नाव ऐकून घेणार नाहीत. हिचंही नाही आणि हिच्या मागून येणाऱ्या कुणाचंही नाही.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी बटण माझ्यावर मापं घेऊन त्रिकोण काढत होती. एकपासून, एक पुढे. एकपासून, एक पुढे. मला तेव्हाच कळलं होतं. शाळेतल्या पट्टीचं टोक शाबूत असणार. ही सवय तिथे दगा देणार. मित्रांनो, मला तोंड नाही. पण खरं सांगते, तोंड असतं तरी त्या दिवशी मी उघडलं नसतं. नापास झाली तर ती इथेच राहील, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो मला गोड लागला.

तसंच झालं. प्रश्न होता, तीन, चार आणि पाच इंच बाजूंचा त्रिकोण काढा आणि त्याचा सर्वांत मोठा कोन मोजा. नवी कोरी पट्टी पाहून तिने कंपासाचा पाय बरोबर शून्यावर टेकवला. पण दुसरा पाय सवयीने एक पुढे गेला. तीनचे चार झाले, चारचे पाच, पाचचे सहा. कोन नव्वद अंशांचा यायला हवा होता, तो आला त्र्याऐंशी. बाकी सगळा पेपर बरोबर होता. पण त्रिकोणाला शून्य मिळालं, आणि आकृतीत शून्य म्हणजे नापास, असा तिथला नियम होता.

बटण घरी आली आणि टेबलाखाली जाऊन बसली, लहानपणी बसायची तशी. शिंपीणबाईंनी सगळं ऐकलं, मला उचललं आणि चुलीकडे निघाल्या. “हिच्या झिजक्या टोकाने घात केला. जाळूनच टाकते.”

बटण टेबलाखालून धावत आली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं. “पट्टी खरी आहे ग आई! ती कधी खोटं बोलली नाही. मी विसरले.”

कधी खोटं बोलली नाही! मी जळाले असते तर इतकी पोळले नसते.

मग तिने डोळे पुसले आणि कात्री घेतली. चिंध्यांतून इंचाइंचाचे चौकोनी तुकडे कापले, सगळे माझ्यावर मोजून. तीन इंच बाजूचा चौकोन मांडला, चारचा मांडला, पाचचा मांडला. मोडले, पुन्हा मांडले. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. मग एकदम म्हणाली, “आई, मला कळलं तो कोन का बिघडला!”

सकाळी शिंपीणबाईंनी एका हातात मला घेतलं, दुसऱ्या हातात बटणला, आणि थेट शाळेत गेल्या. हेडसर खुर्चीतून अर्धे उठले.

“बाई, ती काठी बाहेर ठेवा.”

“काठी नाही साहेब, पट्टी आहे. साक्षीदार म्हणून आणलीय.” आणि त्यांनी एकपासून मोजायचा रिवाज सांगितला. “हिने काढलेल्या बाजू मोजा. प्रत्येक बरोबर एक इंच जास्त निघेल.”

हेडसरांनी मोजल्या. चार, पाच, सहा. केसाचाही फरक नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “चूक काटेकोर आहे. पण शेवटी चूकच.”

“हो,” बटण म्हणाली. “शून्य बरोबरच आहे.”

हेडसरांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “मग मला एक सांग. तिन्ही बाजू सारख्याच वाढल्या. तरी कोन का बदलला?”

बटणने खिशातली पुरचुंडी टेबलावर सोडली. “तीनच्या चौकोनाला नऊ तुकडे लागतात आणि चारच्या चौकोनाला सोळा. मिळून पंचवीस. पाचच्या चौकोनाला पंचवीसच लागतात. कापड बरोबर पुरतं, म्हणून कोन बरोबर काटकोन होतो. मी काढलेल्यात चारचे सोळा आणि पाचचे पंचवीस, मिळून एकेचाळीस. पण सहाच्या चौकोनाला छत्तीसच लागतात. पाच तुकडे उरले. म्हणजे समोरची बाजू तोकडी पडली. ती दोन्ही हात पुरते उघडू देत नाही, म्हणून कोन काटकोनापेक्षा लहान राहिला.”

“आणि कापड कमी पडलं असतं तर?”

“तर काटकोनाहून मोठा.”

“हे मास्तरांनी शिकवलं?”

“नाही सर. काल मांडून पाहिलं.”

हेडसर त्या चिंध्या बोटाने सरकवत राहिले. मग म्हणाले, “लेखी आकृतीला शून्यच राहील, ते मी बदलणार नाही. पण तोंडी परीक्षा घेण्याचा अधिकार मला आहे, आणि ती आत्ता झाली. सोमवारी ये. कोट घालून. इथे सगळे विद्यार्थी कोट घालतात.”

घरी येताना शिंपीणबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. मी त्यांच्या काखेत होते. मला दोन्हीपैकी काहीच येत नव्हतं.

त्याच दुपारी कोट बेतायला घेतला. “मुलाचा कोट मुलीला! बटणं कुठल्या बाजूला लावू?” मावशीने विचारलं.

“काजांच्या समोर,” बटण म्हणाली, आणि मावशी इतकी हसली की तिची सुई हरवली. पण काजं तिनेच केली, कुरकूर न करता, एकसारखी.

शिंपीणबाईंनी मला अस्तरावर ठेवलं. अस्तर गुळगुळीत होतं. मित्रांनो, अशा कापडावर घसरणं आम्हा पट्ट्यांना सहज जमतं. नुसतं सूत-दोन सूत सरकायचं. बाही आखूड झाली असती, सोमवार चुकला असता. आणि मला त्या कोटाचा आत्ताच हेवा वाटत होता. तो तिच्या अंगावर बसून शाळेत जाणार होता, फळ्यासमोर उभा राहणार होता. मी नाही.

मी लाकडाच्या सगळ्या जोराने तिथे पडून राहिले. खडूची रेघ माझ्या कडेने सरळ गेली. शिंपीणबाईंनी शिवणीत दोन-दोन इंच कापड वाढीसाठी आत ठेवलं, म्हणजे तीन वर्षं पुरेल. सोमवारी सकाळी कोट तिच्या खांद्यांवर बसला तो जणू तिथेच उगवलेला. ती दारातून गेली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहायला वेळच नव्हता, घंटा व्हायची होती.

पुढच्या वर्षी त्या शाळेत आणखी दोन मुली आल्या. त्यांचेही कोट मी बेतले.

मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पट्टीने तलवारबाजी करू नका, तिची टोकं जपा. आणि टोक झिजलंच, तर ते लक्षात ठेवा, लपवू नका. आता दुसरी गोष्ट. तुमच्या जवळचं कोणी तुमच्यापुढे निघून जायला लागेल, एखादी बहीण, एखादा मित्र. तेव्हा तुमच्या पोटात दुखेल. दुखू दे. मला इतक्या वर्षांत त्यावर औषध सापडलेलं नाही. पण त्यांचा कोट बेतायची पाळी तुमच्यावर आली, तर माप बरोबर द्या.