शिशातला बाबू

१९६१ साली आमच्या दिवंगत राजेसाहेबांच्या स्मरणार्थ पदक काढायचं ठरलं. मालवणात ठसा कोरणारा सोनार मी एकटाच, भिकाजी. एका बाजूला राजेसाहेबांचा चेहरा. दुसऱ्या बाजूला काय, ते समितीने माझ्यावर सोडलं. तिथेच त्यांचं चुकलं.

मी बाबू कोरला, राजेसाहेबांना खांद्यावर घेतलेला. पंधरा वर्षांपूर्वी भर श्रावणात, खलाशी नको नको म्हणत असताना, राजेसाहेबांनी किल्ल्यावर जायला होडी काढायला लावली. होडी उलटली. त्याच होडीवरच्या बाबू खलाशाने त्यांना खांद्यावर तोलून धरलं, दुसऱ्या होडीत चढवलं आणि स्वतः बुडाला. प्रेतही सापडलं नाही. त्याचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता. त्याची आई सावित्री माझ्या दुकानात बसून सांगायची, "नाक बापाशीचा. भुवयेर खोक." मी कोरत जायचो. ठशावरून शिशाचा नमुना काढून दाखवला तेव्हा ती इतकंच म्हणाली, "ह्योच." त्या दिवशी मला जेवणसुद्धा सुचलं नाही, इतका आनंद झाला.

समितीचे सचिव नमुना बघून लालबुंद झाले. युवराज निवडणुकीला उभे राहणार होते. "महाराज खलाशाच्या खांद्यावर? लोक विचारतील, असल्या समुद्रात होडी काढायला लावली कोणी!" तिथे राजमुद्रा कोरा, म्हणाले. संस्थान जाऊन तेरा वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मी भांडायला हवं होतं. नाही भांडलो. त्यांच्यासमोर ठसा घासून सपाट केला. इतका भेकड मी! शिशाचा नमुना वितळवतो म्हणून खोटं सांगितलं आणि तेवढा सावित्रीला नेऊन दिला. "जपान ठेव गो. आता हयच काय तो ऱ्हवलो."

चार दिवसांनी तिने मला किनाऱ्यावर बोलावलं. भटजी आले होते. लाकडं रचलेली, त्यांवर दर्भाचा पुतळा, आणि तोंडाच्या जागी माझं शिसं.

"अगो, वितळान जायत ता!" मी ओरडलो.

"जावंदे. पंधरा वर्सां भटजी सांगतत, पुतळो जाळ, झिलाक गती मिळात. बिनतोंडाच्या दर्भाक माझो झील कसो म्हणू? आता ह्यो बाबू आसा." तिने पेटतं लाकूड माझ्या हातात दिलं. "तेका बापूस नाय, भाव नाय. तुमीच घडवलास, आग पण तुमीच दिया."

मी दिली. शिसं पाघळायला लागलं, तसा सावित्रीने पंधरा वर्षांत पहिल्यांदा हंबरडा फोडला, "बाबू गेलो रे माझो!"