दाब, धर, सोड

"दाब!" गाडीखालून एमिल ओरडला.

मार्लीनने ब्रेक दाबला. "दाबलाय."

"धर!"

"धरलाय."

खाली स्क्रू सैल झाला, तेलाची धार बाटलीत पडली, स्क्रू पुन्हा आवळला गेला.

"सोड."

लग्नापासून हे तीन शब्द या घरात चालत आले होते. ब्रेकच्या तेलातली हवा काढायला दोन माणसं लागतात आणि एमिलला दुसरं माणूस म्हणून मार्लीनशिवाय कुणी चाललं नाही. मुलाच्या, पॉलच्या वेळी पोट स्टिअरिंगला टेकत होतं, तरी ती याच शेव्हेल गाडीत, याच निळ्या सीटवर बसून पेडल दाबत होती. तेव्हा नदीकाठची पोलादाची गिरणी चालू होती आणि दोरीवरच्या चादरी वाळेपर्यंत काळ्या व्हायच्या. गिरणी गेली, पॉल ओहायोला गेला, गाडी ताडपत्रीखाली गेली. एमिल निवृत्त झाला आणि ताडपत्री निघाली.

दोन हिवाळे तो गॅरेजमध्येच होता. जुन्या इंजिनाच्या जागी दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. एवढ्या ताकदीला जुने ब्रेक पुरणार नाहीत म्हणून पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे, चकतीचे ब्रेक लावले. आज शुक्रवार. संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी, अग्निशमन दलाच्या आवारात गावातल्या जुन्या गाड्या जमणार होत्या. पॉलची मुलगी ब्रिन सुट्टीला आली होती, ती शेजारच्या सीटवर बसून आजोबांबरोबर जाणार होती. तसं त्याने तिला कबूल केलं होतं.

आणि पेडल मऊ लागत होतं.

"एमिल, हे अजून लुसलुशीत लागतंय. भिजल्या उशीवर पाय पडल्यासारखं."

"बाटलीत एक बुडबुडा नाही. हवा संपली."

"पायाला कळतंय मला."

"तुझा गुडघा मऊ झालाय, पेडल नाही."

कुंपणापलीकडे टोमॅटोला पाणी घालणारा शेजारी कार्माइन हसला. "एमिल हुदाक, ब्रेक नसेल तर बोटीचा नांगर लाव! नदीपर्यंत जाशील तेव्हा उपयोगी पडेल."

"तू तुझे टोमॅटो बघ रे!"

मार्लीनला हसू आलं नाही. त्यांची गल्ली घरापासून थेट खाली उतरते, मध्ये सेंट मायकेलचं चर्च, मग रेल्वेचे रूळ, मग नदी. ती शाळेत असताना याच उतारावर पावाच्या गाडीचे ब्रेक गेले होते. ती कोपऱ्यावर उभी होती. ड्रायव्हरचं तोंड तिला अजून दिसायचं. तो ओरडत नव्हता, नुसता पाय आपटत होता. गाडी न्हाव्याच्या दुकानात घुसली आणि पाव रस्ताभर झाले. तो माणूस वाचला नाही.

एमिल बाहेर सरपटत आला, हात पुसले. "झालं. चाकं चढवतो, एक चक्कर मारतो."

मार्लीनने डॅशबोर्डवरची किल्ली उचलली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

"हे काय?"

"ब्रिनला या गाडीत बसवायचं नाही."

"मार्लीन, उभा जन्म मी गिरणीत मशिनं दुरुस्त केली. मला ब्रेक शिकवतेस?"

"शिकवत नाही. किल्ली देत नाही."

 एमिल गॅरेजच्या दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्याने हात खिशात घातले.  हा माणूस किल्लीवाचूनही गाडी चालू करू शकतो, हे तिला ठाऊक होतं.

"दाखव तरी," ती म्हणाली. "हवा कुठून निघते?"

"तुला आता खाली बसवेल का?"

"तू हात दे."

ती पुढच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसली. त्याने विजेरी धरली. चकतीला लोखंडी जबड्यासारखा कॅलिपर बसवलेला होता, नवाकोरा, आणि त्याच्या अगदी खालच्या टोकाला तो चिमुकला स्क्रू.

मार्लीन दर उन्हाळ्यात तिखट मिरच्या तेलात घालून बरण्या भरायची. झाकण लावण्याआधी कडेने सुरी फिरवायची, मग अडकलेले बुडबुडे सुटून वर यायचे. नेहमी वरच.

"एमिल, हवा वर जाते ना?"

"मग काय खाली जाते?"

"मग हा स्क्रू खाली का आहे?"

विजेरीचा उजेड स्क्रूवर थांबला. बराच वेळ तिथून हलला नाही. मग एमिल उठून दुसऱ्या चाकाकडे गेला. तिथेही स्क्रू खालीच.

"डावा उजवीकडे लावलाय," तो हळूच म्हणाला. "उजवा डावीकडे. हवा वर कोंडून राहिली आणि मी खालून तेल काढत बसलो." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कार्माइनला सांगू नकोस."

"कार्माइनला ऐकू येतं!" कुंपणापलीकडून आवाज आला.

एमिलने शिवी हासडली आणि पाना उचलला. कॅलिपरची अदलाबदल झाली. मार्लीन पुन्हा सीटवर बसली. दाब. धर. सोड. या वेळी बाटलीत बुडबुडे फसफसून आले आणि तिच्या पायाखाली पेडल हळूहळू वर चढत दगडासारखं घट्ट झालं.

"आता?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

"आता ठीक लागतंय."

एमिलने चाकं चढवून गाडी खाली घेतली. "मग दे किल्ली. तू थांब, ब्रिन येईल एवढ्यात."

तिने किल्ली दिली आणि पलीकडचं दार उघडून आत बसली.

"अगं, खाली उतर. काही झालं तर?"

"म्हणूनच बसलेय. चल."

इंजिन धडधडलं, सीट हादरली. गाडी गल्लीत आली आणि नाक खाली करून उतरू लागली. घरं मागे पडू लागली. चर्चचा घुमट जवळ आला, त्यापुढे रूळ चकाकत होते. मार्लीनने डाव्या हाताने सीटची कड धरली. तिचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि जिथे पेडल नव्हतं तिथे, गालिच्यावर, सगळ्या जोराने दाबला गेला.

"दाब," ती पुटपुटली.

चर्चपुढच्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीशी शेव्हेल सरळ, न डगमगता उभी राहिली. एमिलने तिच्या पायाकडे पाहिलं.

"सोड आता," तो म्हणाला.

तिने थोडा वेळ तसाच धरून ठेवला.