कारण न विचारणारा कायदा

बटण दाबलं की आत जातं, जिन्यातला दिवा लागतो, आणि मग बटण हळूहळू, सुस्कारा टाकत बाहेर येतं... पुरतं बाहेर आलं की दिवा जातो. ग्लेनिस ऑर्चर्डनं ते दाबलं आणि अंगठा तसाच ठेवून उभी राहिली. पितळेवर हिरवट बुरा चढला होता. सेलबोर्न कोर्टमधली प्रत्येक धातूची वस्तू समुद्र असाच चाटून चाटून खातो, आणि कंपनीचा माणूस फोनवर सांगतो, नोंद घेतली आहे, बाई. घरं आमची, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं आमची. पण जिना, भिंती, छप्पर जमीनमालकाचं, आणि त्यांची देखभाल मालकानं नेमलेल्या, कुठल्याशा लांबच्या शहरातल्या कंपनीकडे. तिथून कुणी फोकस्टनला आल्याचं ग्लेनिसच्या पाहण्यात नव्हतं.

आज सकाळी मात्र काहीतरी विचित्र झालं होतं, आणि ते अजून तिला नीट उलगडत नव्हतं.

वकीलबाईंकडे जाताना बसमध्ये ती सगळं मनाशी घोकत होती — तळमजल्याची ओल, गटाराचा वास, रंगाऱ्यांनी चौकटींसकट रंगवून बंद करून टाकलेल्या खिडक्या. इतक्या वर्षांचा राग तिनं मुरांब्यासारखा बरणीत भरून, झाकण घट्ट लावून ठेवला होता. मिस फॅरंट, तिच्या मुलीच्या वयाची, म्हणजे मुलगी असती तर त्या वयाची, शांतपणे ऐकत राहिली आणि गोष्ट गटारापर्यंत आली तेव्हा तिनं हात वर केला.

"मिसेस ऑर्चर्ड, हे मला सांगितलंत तर मी ऐकेन. पण सांगायलाच हवं असं नाही. कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही."

"म्हणजे?"

"कायदा कारण विचारत नाही. निम्म्या घरांतली माणसं एकत्र आली, स्वतःची संस्था काढली, रीतसर नोटीस दिली की इमारतीचा कारभार तुमचा. त्यांनी उत्तम काम केलं असतं तरीही."

त्यांनी उत्तम काम केलं असतं तरीही... लंगोट कसून आखाड्यात उतरावं आणि समोर गडीच नसावा, तसं ग्लेनिसला झालं. मग मी इतकी वर्षं पुरावे कशाला जमवत होते? ती हसली असावी, कारण मिस फॅरंटनं तिला पाणी देऊ का विचारलं. निम्म्याला एक घर कमी आहे, वरच्या मजल्यावरचे टॅन्स्ली तेवढे राहिलेत, एवढंच ती बोलली आणि उठली.

परतताना बसमध्ये तिला आई आठवली. खूप जुनी गोष्ट. नवऱ्याला, क्लाइव्हला सोडून वेगळं राहावंसं वाटतंय, असं तिनं स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता आईला सांगितलं होतं. आईनं सुरी न थांबवता विचारलं, पितो का? नाही. हात उचलतो? नाही. बाहेर कुणी आहे? छे! मग काय झालंय तुला? काय झालंय ते तिला सांगता आलं नाही, आणि मग ती राहिली... क्लाइव्हच्या हातून एखादी खणखणीत चूक होण्याची वाट पाहत राहिली. तो सज्जन माणूस चहा घेऊन पेपर वाचत बसे, आणि ती बारीकसारीक गोष्टी टिपत राही: चमचा बशीत ठेवण्याची पद्धत, दारापाशी घसा खाकरणं. त्यातली एकही पुरेशी नव्हती. गेला तोही कुणाला तोशीस न देता.

टॅन्स्लींनी दार उघडलं, पण साखळी लावूनच. फेरीबोटीवर जन्म काढलेला, आता एकटा राहणारा, आडदांड माणूस. तिनं उंबऱ्यातूनच समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग साखळी काढली, पण आत या म्हणाले नाहीत.

"कंपनी लांब आहे तेच बरं आहे, ग्लेनिस," ते म्हणाले. "लांबच्या माणसाला मनसोक्त शिव्या घालता येतात. तुम्हाला कशा घालू? तुम्ही दर जानेवारीत संत्र्याचा मुरांबा देता."

"मुरांबा बंद करते मग."

"ते नको." त्यांनी दाराच्या चौकटीवर खांदा टेकवला. "पण त्यांनी नेमकं काय वाईट केलं ते सांगा. एक सांगा."

ओठांवर सगळं तयार होतं. ओल, गटार, खिडक्या. आणि तिला स्वतःचंच कुतूहल वाटलं, की यातलं काही न बोलता काय उरतं ते पाहावं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "नसेल केलं. मला वाटतं, आपण करून पाहावं."

टॅन्स्लींनी तिच्याकडे पाहिलं. बंदरात शिरणाऱ्या अनोळखी जहाजाकडे बघावं तसं.

"आणि उद्या माझ्या पलंगावर छप्पर गळलं, तर बोलायचं कुणाला?"

"मला."

शब्द तोंडून निघून गेला. असं काही ती आजवर कुणालाच म्हणाली नव्हती. क्लाइव्हलाही नाही... बोल लावायला ती कायम दुसरं माणूस शोधत आली, आणि तो बिचारा समोर बसून काय विचार करत होता हे एकदाही विचारलं नाही. पेपरातलं तो खरंच वाचत असे का?

"बघतो," टॅन्स्ली म्हणाले. "हो म्हटलेलं नाही हं मी." दार लागलं. साखळी मात्र वाजली नाही. की वाजली आणि तिला ऐकू आली नाही?

ती खाली गेली नाही. भिंतीलगत पाण्याचा जाडजूड पाइप वर छपराकडे गेला होता, आणि त्याच्या आत काहीतरी गुणगुणत होतं. इतकी वर्षं या आवाजाबद्दल तिनं फोन केले होते. झोप लागत नाही म्हणून, नोंद घ्या म्हणून. तिनं तळहात पाइपवर ठेवला. गार होता, आणि बारीक थरथरत होता. कुणीतरी खाली नळ सोडला असावा, कारण थरथर वाढली, मग ओसरली. सगळ्या इमारतीत काय काय मोडलंय ते तिला पाठ होतं, आणि पाणी मुळात इथवर चढतं कसं, हे तिला माहीत नव्हतं. कोण चढवतं? टाकी वर आहे की तळाशी? बंद करायचं झालं तर कुठून?

भीती वाटत होतीच. पण तिनं हात काढला नाही.