कुरालीच्या वाटेवरचा नाका

श्रीपाद लिमये दुपारी दोनलाच घरी परतला, तर दाराला कुलूप. विनया जाणार कुठे? मार्चमध्ये तिच्या स्तनातली गाठ काढली होती. पुढे केमोचे सहा डोस ठरले, त्यातले दोन झाले होते. केस गेले होते, आणि जिना चढतानाही तिला दोनदा थांबावं लागायचं.

श्रीपाद इन्स्टिट्यूटच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होता. साताऱ्याहून चंदीगडला येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. पंजाबात दहशतवाद पेटलेला, आणि अठ्ठ्याऐंशीच्या त्या जूनमध्ये रोज काहीतरी आवई उठायची. आजही कर्फ्यूची कुजबुज झाली आणि उरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली गेली.

आपल्या किल्लीनं दार उघडून तो आत गेला. पाणी प्यायला, दोन खोल्यांतून उगाच चकरा मारल्या. टेबलावर तिची फाइल होती, ती उघडली. तिसऱ्या डोसची तारीख सोमवारची. आज बुधवार, आणि समोरची चौकट कोरीच. "जसबीरभाभींबरोबर जाऊन आले," असं सोमवारी तिनं सांगितलं होतं. तो दिवसभर थिएटरमध्ये अडकलेला. त्यानं विश्वास ठेवला होता.

जसबीरभाभी म्हणजे शेजारच्या. त्यांचे सासरे अंगणात बाजेवर बसले होते.

"कुराली गयी हैं दोनों, वैदजी के पास," म्हातारे म्हणाले. "हर बुधवार जाती हैं. आपको पता नहीं, डॉक्टर साहब?"

त्यानं स्कूटर काढली. गेल्याच वर्षी अतिरेक्यांनी बसमधून उतरवून माणसं मारली होती. तेव्हापासून ही बाई एकटी शेजारच्या मोहालीलाही जात नसे, आणि आता दर बुधवारी बसनं पार कुरालीला!

खरड गावाच्या पुढे नाक्यावर जवानांनी त्याला अडवलं. पुढचा रस्ता बंद. का, ते कुणी सांगेना. त्यानं तीनदा विचारलं, दोनदा उगाच स्कूटरला किक मारून पुन्हा बंद केली. उन्हात शर्ट पाठीला चिकटला. तास गेला असेल, तेवढ्यात समोरून कुरालीची बस आली आणि नाक्यावर थांबवली गेली.

सगळ्यांना खाली उतरवलं. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. त्या रांगेत विनया होती, जसबीरभाभींचा दंड घट्ट धरून. एका जवानानं तिच्या पिशवीतून कागदाच्या पुड्या काढल्या. एक उलगडली. आत काळी पूड.

"ये क्या है?"

विनयानं भाभींकडे पाहिलं. भाभी बोलायला लागल्या, तर दुसऱ्यानं त्यांना दटावून गप्प केलं. आणखी दोघे बंदुका सरसावून जवळ आले.

श्रीपाद दोन्ही हात वर करून पुढे झाला. "दवाई है जी. कैंसर की. मैं इनका पति हूँ, डॉक्टर हूँ." त्यानं खिशातलं ओळखपत्र दाखवलं.

"ये आपने दी है?"

औषधाचा थेंब न् थेंब मोजून देण्यात त्याचा जन्म चालला होता. त्या पुडीत काय आहे, याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती.

"हाँ जी," तो म्हणाला. "मैंने ही दी है."

जवानानं विनयाच्या डोक्याकडे पाहिलं. रुमाल सरकून मागे गेला होता. त्यानं पुड्या पिशवीत परत ठेवल्या. "ले जाइए."

त्यानं दोघींना पुन्हा बसमध्ये बसवलं आणि स्कूटरनं मागोमाग आला. घरी दार लावल्यावर श्रीपाद भडकला. "डोस चुकवून भुकटी खातेस? माझ्या घरात?"

"तुमच्या वॉर्डात मला सुया टोचतात," विनया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वैद्य अर्धा तास माझा हात हातात घेऊन बसतात. झोप लागते का विचारतात. आईबद्दल विचारतात. मला तिसरा डोस सोसवणार नाही असं वाटलं. तुम्हाला सांगायचं तरी कधी? तुम्ही घरी असता कधी?"

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, आत आला, पुन्हा बाहेर गेला.

सकाळी दोघं कॅन्सर विभागात, विनयावर उपचार करणाऱ्या डॉ. स्मिता राजोपाध्यांकडे गेली. श्रीपादनं पुड्या टेबलावर ठेवल्या. बाई रागावतील म्हणून विनया खाली मान घालून बसली होती. पण स्मिताबाईंनी एवढंच विचारलं, "किती दिवस घेतेयस?"

"चार आठवडे."

रक्त तपासलं तेव्हा यकृताला सूज असल्याचं दिसलं. भुकटीनं की औषधांनी, ते कुणालाच छातीठोक सांगता येईना.

"भुकटी आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "सूज उतरली की डोस सुरू करू. उलट्यांचं औषध बदलते, म्हणजे जरा सोसेल. वैद्यांशी बोलून बरं वाटतं ना? मग बोल. पायांना तेल लाव, श्वासाचा व्यायाम कर, भाभींबरोबर कीर्तनाला बस. सगळं कर. पण डोसाबरोबर, डोसाऐवजी नाही."

"मी चुकवला तो दिवस..." विनयानं मान वर केली. "त्यानं काही होईल?"

"होऊ नये," बाई म्हणाल्या. "हो किंवा नाही असं मला सांगता येत नाही."

तीन आठवड्यांनी तिसरा डोस लागला. श्रीपादनं डोसाच्या दिवशीची आपली ऑपरेशनं दुसऱ्या भूलतज्ज्ञाकडे सोपवली आणि खुर्ची ओढून बसून राहिला. पाचव्या डोसाच्या दिवशी शहरात कर्फ्यू लागला. तेव्हा तो पास काढून तिला रिक्षानं घेऊन गेला. ऑक्टोबरात सहावाही झाला.

"गाठ पुन्हा उठली नाही ना, ते पाहायला आता तीन महिन्यांनी या," स्मिताबाई म्हणाल्या.

विनया घरी येऊन शांत झोपली. श्रीपाद मात्र त्या तीन महिन्यांत एकदाही रात्रभर सलग झोपला नाही.