डावीकडची केळी

अहवालाचा पहिला खर्डा असा होता:

'गुण: फटक्याचं वजन जाणवतं. लाथ बसली की समोरचा आधी श्वास सोडतो, मग पडतो. हे कुणीतरी नीट पाहिलं आहे. दोष: योद्धा डावीकडे सरकत नाही. एकदाही नाही. असा माणूस माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मार खाऊन घरी जाईल.'

खाली सही: संग्राम घरत, कराटे प्रशिक्षक, गिरीज.

हा खर्डा फाडला गेला.

साल २००५. संग्राम सर आठवडाभर कामणच्या एका गोदामात सुपरवायझर असत आणि रविवारी वसईजवळच्या गिरीजला, हरिश्चंद्रकाकांच्या वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कराटे शिकवत. त्यांची जुनी विद्यार्थिनी अश्लेषा अंधेरीच्या कंपनीत कॉम्प्युटर गेम बनवायची. मारामारीचा गेम करायचं ठरलं तेव्हा ती एका रविवारी कॅमेरा घेऊन आली आणि दोन तास सरांचं शूटिंग करून गेली. अभ्यासासाठी, असं म्हणाली. मग गेम तयार झाल्यावर कंपनीने सरांकडे गुणदोषांचा अहवाल मागितला. बदल्यात पहिल्याच पडद्यावर नाव येणार होतं: युद्धरचना, संग्राम घरत. ही बातमी गोदामातल्या हमालांपासून सासुरवाडीपर्यंत सर्वांना कळली होती. सरांनीच कळवली होती.

अश्लेषाने खर्डा वाचला आणि बराच वेळ घडी घालत बसली.

"सर, तो तुम्हीच आहात."

सरांना ते पटेना. योद्ध्याचे केस खांद्यापर्यंत होते, सरांना टक्कल होतं. तिने शूटिंग लावलं. पाऊल न पाऊल तेच. दोन तासांत सर पुढे गेले, मागे गेले, उजवीकडे तर नाचल्यासारखे गेले.

डावीकडे नाही.

इथे गोष्ट थांबवून केळी आणावी लागतात.

शेड काकांनी फुकट दिली होती, एका अटीवर. डाव्या अंगाला सुक्या पानांखाली केळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, पिकायला घातलेले असतात, त्यांना धक्का लागता कामा नये. सर दाराकडे तोंड करून उभे राहत, डाव्या हाताला केळी. चौदा वर्षं. गेममधला योद्धा डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या मैदानात लढत होता आणि न दिसणारे लोंगर सांभाळत होता.

अश्लेषा म्हणाली की दोष काढता येईल, पण मग शूटिंग दुसऱ्याचं करावं लागेल. अंधेरीत एक जण आहे. नावही अर्थात त्याचंच येईल.

दुसरा खर्डा असा:

'गुण: योद्धा डावीकडे सरकत नाही, त्यामुळे प्रतिस्पर्धी बुचकळ्यात पडतो.'

नाव आलं. प्रतिस्पर्धी मात्र कुणी बुचकळ्यात पडलं नाही. वसई स्टेशनजवळच्या फेबियनच्या सायबर कॅफेत तिसऱ्याच दिवशी भिंतीवर कागद लागला: डावीकडून मारायला बंदी आहे. दुसऱ्यालाही खेळू द्या.

फेबियनची बहीण डेल्फिन नऊ वर्षं सरांकडे शिकत होती. नर्स होती, नम्र होती, सरांना तिने कधी हरवलं नव्हतं. त्या आठवड्यात ती भावाकडे गेम खेळली. रविवारी सरांसमोर आली, नेहमीसारखी वाकली आणि सरळ सुक्या पानांत जाऊन उभी राहिली.

लाथ येताना सरांना दिसली. डावीकडे आत सरकून ती चुकवायला वेळही होता. पण तिकडे लोंगर होते.

सरांनी आधी श्वास सोडला, मग ते पडले.

"सॉरी सर," डेल्फिन म्हणाली, "पण तुमचा गेम चांगला आहे हं."

आवाज ऐकून काका आले. त्यांनी चेचलेले दोन लोंगर पाहिले, मग सरांना पाहिलं. सरांनी जमिनीवरूनच विचारलं, केळी दुसऱ्या बाजूला ठेवता येतील का?

"मग ठेवू की," काका म्हणाले. "उजवीकडे ऊनही कमी. चौदा वर्षं मला वाटलं, तुमच्या या खेळात डावीकडे जातच नाहीत."

पुढच्या रविवारी लोंगर उजवीकडे गेले होते. सर मध्ये उभे राहिले. डावं पाऊल उचललं, झाडून घेतलेल्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं आणि पाऊल होतं तिथेच परत ठेवलं.

समोर डेल्फिन वाकून उभी राहिली होती.