गळ्यातली रिकामी जागा

मी सोनोग्राफी यंत्राचा प्रोब बोलतोय. थंड जेली लावून अंगावरून फिरवतात ना, तोच मी. फ्लोरेस बेटावर, एंडे नावाच्या शहरातल्या एका दवाखान्यात माझी सगळी उमर गेली. सुरुवातीला बहुतेक पोटातली बाळंच बघायचो. आया हसायच्या, बाप मोबाईलवर फोटो काढायचे. मला सगळं दिसतं, असा माझा समज झाला.

मग एल्फ्रिदा आली. सात वर्षांची. हनुवटीखाली मधोमध लिंबाएवढी गाठ. दुसऱ्याच दिवशी ती कापून काढायचं ठरलं होतं.

"आता आणखी कसला फोटो, बाई?" तिची आई युस्तिना वैतागली. "एकदाची काढून टाका. शाळेत पोरं बेडकी म्हणतात हिला."

"काढू हो. आधी बघू तर द्या," डॉक्टर रातीह म्हणाल्या.

त्यांनी मला गाठीवर टेकवलं. पोरीची नाडी माझ्याखाली धडधडत होती. गाठ पाण्याची नव्हती, भरीव होती. त्यांनी मला गळ्यावरून खाली सरकवलं, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना थायरॉईडची ग्रंथी असते तिथे.

तिथे काहीच नव्हतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. परत पाहिलं. बाईंनी मला पुन्हा गाठीवर आणलं.

"कॅन्सर आहे का?" युस्तिनाने कसंबसं विचारलं.

"नाही. अगं, ही हिची थायरॉईडच आहे. आईच्या पोटात असताना जिभेकडून खाली उतरायची, ती वाटेतच थांबली. एवढी एकच आहे हिला. उद्या काढली असती तर हिच्या अंगात थायरॉईडच उरली नसती, वाढच खुंटली असती."

एल्फ्रिदाने दोन्ही हातांनी गळा झाकला. "मग नका काढू. म्हणू देत बेडकी."

ऑपरेशन रद्द झालं. रक्त तपासून रोज सकाळी थायरॉईडची एक गोळी सुरू झाली आणि वर्षभरात गाठ सुपारीएवढी उरली.

मी मात्र भित्रा झालो. याआधी किती लेकरांच्या नुसत्या गाठीवर टेकवून मला उचललं होतं? खालची जागा कुणी पाहिली होती का? मला आठवत नाही.

पुढे रातीहबाईंची बदली झाली. मी एकदा फरशीवर आपटलो. तेव्हापासून माझ्या चित्रात एक काळी रेघ पडते. "चालतंय की अजून," नवे डॉक्टर म्हणतात.

आज सकाळी चार महिन्यांचं बाळ आलं होतं, मानेला सूज असलेलं. रेघेच्या अलीकडचं मला दिसलं, पलीकडचंही दिसलं. रेघेखाली काय होतं ते नाही दिसलं. डॉक्टरांनी 'काळजीचं कारण नाही' असं लिहून दिलं.

आई बाळाला घेऊन बंदराच्या रस्त्याला लागलीय. कुणीतरी तिला हाक मारा हो. आणि दुसरा प्रोब आणा.