चौऱ्याऐंशी चौकोनी बैठका

पेटी रूफसला भरू दिली, तिथेच हेझेल फसली.

पण तिचे दोन्ही हात लायनसमध्ये अडकले होते. नऊ महिन्यांच्या पोराला थंडीचे कपडे चढवायचे म्हणजे मांजराला पोत्यात भरायचं. एक हात बाहीत गेला की दुसरा बाहेर. "तू त्याचं बघ, तुझी फौज मी घेतो," असं नवरा म्हणाला तेव्हा तिला उलट बरंच वाटलं. त्या पेटीला तिने बाळंतपणाच्या आधीपासून हात लावला नव्हता. आत चौऱ्याऐंशी गॉब्लिन होते, परीकथेतल्या पिशाच्चांचे प्लास्टिकचे पुतळे, बोटाच्या दोन पेरांएवढे, हिरव्या कातडीचे, नकटे. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या खिडकीत बसून तिने एकेकाचे डोळे रंगवले होते.

चर्चमागच्या हॉलमध्ये नेहमीची मंडळी जमली होती, टेबलावर अशा चिमुकल्या फौजा लढवणारी. नॉटिंगहॅमच्या आसपास असे अड्डे गल्लोगल्ली सापडतील, पण हा फार जुना. खेळणारे सातच. वर्षातून एकदा, नव्या मोहिमेआधी, कोणत्या नियमांनी खेळायचं ते इथे ठरायचं आणि एकदा ठरलं की वर्षभर तेच.

हात वर करून मत द्यायची पद्धत अड्ड्याचे म्होरके डेरिक लीव्हर्स यांनी कधीच मोडीत काढली होती. एका वर्षी सगळ्यांनी उत्साहाने नव्या नियमांना हात वर केले आणि महिन्याभरात शिपायांच्या पायाखालच्या बैठका बदलून आणल्या फक्त दोघांनी. तेव्हापासून टेबलाच्या दोन टोकांना दोन नियमावल्या ठेवायच्या आणि प्रत्येकाने आपला एक तयार शिपाई हव्या त्या पुस्तकापाशी उभा करायचा. तयार म्हणजे पायाखाली त्या खेळाला चालेल अशीच बैठक. वाळू, गवत, कडेचा रंग, सगळं पूर्ण. "हात फुकट असतो," डेरिक म्हणायचे. "बैठकीला रविवार लागतो."

या वर्षी एका टोकाला होती 'वीट'. चारशे पानांची नियमावली, तिला सगळे वीटच म्हणत. तिच्यात शे-दीडशे शिपाई खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात, म्हणून बैठक चौकोनी लागते. एक लढाई म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. दुसऱ्या टोकाला होतं 'चोपडं'. पानं चाळीस, शिपाई दहा, बैठका गोल, कारण तिथे जो तो आपापला फिरतो. दीड तासात निकाल.

दीड तास. लायनसच्या दोन दुधांच्या मधली जागा नेमकी तेवढीच. त्या दीड तासावर हेझेल महिनाभर जगली होती. तिचे गॉब्लिन गोल बैठकांवर होते, एक उचलून चोपड्यापाशी ठेवला की झालं. ग्लेनिसने आणि दोघा बार्बर बंधूंनी तिला आधीच गाठलं होतं: आम्ही तिघे चोपड्याकडे, ते तिघे विटेकडे, आता तू काय ते ठरव. विटेकडचे तिघे म्हणजे डेरिक, नेव्ह आणि रूफस. रूफसला तिने आपलं मत सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, त्याला कळलंच असेल.

"थांब, पेटी मी उघडतो," रूफस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. लग्नाची मागणी घालताना झाले होते तसेच.

त्याने झाकण काढलं.

चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी गॉब्लिन चौकोनी बैठकांवर उभे होते. बारीक वाळू, तीवर तपकिरी रंगाचे दोन हात, मध्येच वाळलेल्या गवताचे झुबके आणि कुठे कुठे जांभळी फुलं. मागची रांग पुढच्या रांगेला अशी बिलगली होती की एकच जमीन वाटावी.

"चार महिने," रूफस म्हणाला. "रोज थोडे ऑफिसात नेऊन, जेवणाच्या सुट्टीत. पेटी आईकडे ठेवली होती. तुझ्या लक्षातही आलं नाही ना?"

"नाही आलं," हेझेल म्हणाली.

"पोटुशी असताना म्हणाली होतीस, मला माझे जुने रविवार परत हवेत. आठवतं?"

तिला आठवत होतं. तेव्हा लायनस पोटात होता, आणि पोटातल्या पोराला सगळीकडे नेता येतं.

सगळे भोवती जमले. नेव्हने चष्मा कपाळावर सरकवून एक गॉब्लिन उचलला. "अरे बाप रे, कडासुद्धा रंगवल्यात. माझ्या बायकोने माझे शिपाई एकदाच हलवले. थेट माळ्यावर."

"शीक जरा नवऱ्याकडून," धाकटा बार्बर थोरल्याला म्हणाला.

"मी तुझा भाऊ आहे, नवरा नाही. आणि तुझे शिपाई मला आवडत नाहीत."

हशा पिकला. हेझेलही हसली. चेहरा हसरा ठेवायला गालाचे कोणते स्नायू लागतात ते गेल्या नऊ महिन्यांत तिला नीट कळलं होतं. ग्लेनिस तेवढी हसली नाही. साठीची ती बाई हात बांधून हेझेलकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "नशीब काढलंस पोरी," आणि त्या वाक्यात काय होतं ते दोघींनाच समजलं.

"आणि लायनसची काळजी सोड," रूफस पुढे सांगत होता. "आईशी बोललोय मी. एकाआड एक रविवार ती घेणार. दहा ते पाच, पूर्ण दिवस. खूष आहे ती."

सासूबाई, मोरीन, खूष होत्याच. गेल्या वेळी त्यांनी चोखणी मधात बुडवून नातवाच्या तोंडात दिली होती. वर्षाच्या आतल्या मुलाला मध चालत नाही, असं हेझेलने सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, रूफस मधावरच वाढला, बघ केवढा झालाय. त्याआधी अख्खी द्राक्षं, घशात अडकतील अशी. हेझेल प्रत्येक वेळी फक्त "असू दे" म्हणाली होती. तेवढ्यासाठी भांडण काढायचं का, असं वाटलं होतं. अशी कितीतरी 'असू दे' एकमेकांना चिकटत गेली होती, आणि त्यांतून निघायला कुठे फट राहिली नव्हती.

मांडीवरचा लायनस एकाएकी शांत झाला. नऊ महिन्यांचं पोर गप्प झालं की समजावं, तोंडात काहीतरी आहे. हेझेलने बोट घालून जिभेखालून फिरवलं. वाळूचे दोन कण निघाले आणि जांभळ्या फुलाचा तुकडा.  कुठल्या गॉब्लिनची बैठक त्याने ओढली, कधी ओढली, कुणीच पाहिलं नव्हतं. एवढी सहा मोठी माणसं टेबलाभोवती होती आणि बघणारी ती एकटी. इथेच ती डोळ्यात तेल घालून बसली आहे, तर दहा ते पाच दुसऱ्या घरी काय?

"चला, पाय रोवा," डेरिकनी मतदानाची हाक दिली.

विटेपाशी डेरिकचा खुजा योद्धा उभा राहिला, मग नेव्हचा सांगाडा, मग रूफसचा घोडेस्वार. चोपड्यापाशी ग्लेनिसची चेटकीण आणि बार्बर बंधूंचे दोन उंदीरमुखे. तीन, तीन.

"हेझेल, पोरी, तुझंच राहिलं."

तिने पेटीत पाहिलं. एकही गोल बैठक नव्हती. म्हणजे मत दिलं तर विटेलाच जाणार होतं. नाही दिलं तर रूफसच्या चार महिन्यांवर सगळ्यांसमोर पाणी पडणार होतं. आणि तो समोर उभा, कान लाल, अंगठ्यावर वाळलेल्या गोंदाचा पापुद्रा, कुठला गॉब्लिन निवडतेय बघत. कुणी दुष्ट असता तर सोपं होतं.

"ढोलवाला ठेव," तो म्हणाला. "तो तुझा पहिला ना?"

हेझेलने ढोलवाला उचलला. लायनसला डाव्या कडेवर घट्ट धरलं. मग उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी गॉब्लिनचं धड पकडून, बैठक टेबलाच्या कडेला टेकवून, तिने पिळलं.

बारीकसा 'टक' असा आवाज झाला. गोंद सुटला नाही, घोटा तुटला. हिरवं पाऊल वाळूतच राहिलं.

एका पायाचा ढोलवाला तिने चोपड्यापाशी ठेवला. तो उभा राहीना. आडवा झाला, ढोल खाली, नाक वर.

 नेव्ह म्हणाला, "मतदार लंगडा दिसतो," पण त्याचा आवाज अर्ध्यावरच बसला.

"बैठक नाही, तर मत नाही," डेरिक म्हणाले. त्यांनाही ते सांगणं जड गेलं असावं. "नियम आहे, पोरी."

"मी देते तिला माझा एक गोल," ग्लेनिस म्हणाली.

"उसनं मत चालत नाही, ग्लेनिस. तुला माहितीये."

रूफस चौकोनी बैठकीकडे बघत होता. वाळू, जांभळं फूल आणि नुसतं एक पाऊल. "हे काय केलंस?" तो अगदी हळू म्हणाला.

"मला दीड तास मिळतो, रूफस," हेझेल म्हणाली.  "सात मिळत नाहीत. इथे सात तास बसले तर माझे डोळे पटावर असतील आणि कान तुझ्या आईच्या घरी. मला जमणार नाही."

"मग सांगायचं ना."

"तू विचारायचं होतंस."

"भेट होती ती. भेट विचारून देतात का?"

 लायनस कुरकुरायला लागला होता. तीन-तीन अशी बरोबरी झाली, तेव्हा पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी पुन्हा पाय रोवायचे, असं डेरिकनी जाहीर केलं आणि घसा खाकरून चहाची किटली लावायला गेले.

 घरी आल्यावर रूफसने पेटी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली आणि कोट न काढता तसाच उभा राहिला. बाहेर अजून उजेड होता. हेझेल लायनसला गाजराची पेज भरवत होती. अर्धी तोंडात, अर्धी भुवईवर.

"किती लागतात त्या चोपड्याला?" त्याने विचारलं.

"दहा."

"नुसते पिळून निघणार नाहीत. मी दुप्पट गोंद घातलाय." त्याने एक गॉब्लिन उलटा करून पाहिला. "फ्रीझरमध्ये ठेवावे लागतील रात्रभर. थंडीने गोंद ठिसूळ होतो. मग सुरीचं टोक घातलं की पाऊल शाबूत निघतं."

"मी काढीन उद्या. हा झोपला की."

"मी काढतो. तू पाय मोडतेस." तो हसला नव्हता. "मी रागावलोय, हेझेल."

"माहितीये."

"आईला काय सांगू?"

"मधाचं सांग. मी सांगितलं की त्यांना राग येतो. तू सांग."

रूफसने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. फ्रीझरचा वरचा कप्पा लायनसच्या पेजेच्या गोठवलेल्या वड्यांनी भरला होता. त्याने मटाराची पिशवी बाहेर काढून बघितली आणि परत ठेवली.

लायनस डोळे चोळायला लागला, तशी ती त्याला घेऊन वर गेली. पडदे ओढून, त्याला छातीशी धरून पलंगावर आडवी झाली. पोर दूध पिता पिता पेंगलं आणि नेहमीप्रमाणे तिच्या दंडावर डोकं टाकून झोपलं. दंड हलवला तर तो उठणार, उठला तर पुन्हा पाऊण तास. ती छताकडे बघत पडून राहिली. खाली कप्पे सरकवल्याचे आवाज येत होते.

"हेझेल," खालून हाक आली. "भालेवाले किती घेऊ?"

ती ओ देऊ शकत नव्हती. फोन ओट्यावर राहिला होता.

"हेझेल? की सगळे धनुष्यवालेच?"

लायनसने झोपेत उसासा टाकला. तिने श्वास रोखला. आता तो पुन्हा ओरडणार, हा उठणार, आणि सगळं पहिल्यापासून. किंवा तो चिडून स्वतःच दहा निवडून टाकणार, आणि ती उद्या सकाळी "असू दे" म्हणणार.

हाक आली नाही. जिन्याची तिसरी पायरी करकरली, मग पाचवी. दार बोटभर उघडलं. रूफस मोज्यांनीच आला होता. त्याच्या एका मुठीत भालेवाला होता, दुसऱ्या मुठीत धनुष्यवाला. त्याने काही न बोलता दोन्ही मुठी उंबऱ्याशी वर धरल्या आणि वाट बघत उभा राहिला.

हेझेलने हनुवटीने धनुष्यवाला दाखवला. मग मोकळ्या हाताची चार बोटं वर केली.

त्याने मान डोलावली आणि भालेवाल्याची मूठ पुढे केली: याचे किती?